तीन चॅनेल, दोघांचं मत: अणुभट्टीच्या ट्रिप यंत्रणेचं प्रात्यक्षिक पॅनेल बांधतानाच्या नोंदी

१ जुलै २०२४

पुण्यातल्या आमच्या तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांसाठी अणुभट्टीच्या संरक्षण यंत्रणेचं एक चालतं पॅनेल उभं करायला आज सुरुवात केली. किरणोत्सर्गी काहीही नाही. २० लिटरची स्टीलची टाकी, १.५ किलोवॅटचा हीटर, पाणी फिरवणारा छोटा पंप आणि त्यावर तीन चॅनेल, म्हणजे स्वतंत्रपणे तापमान मोजून निर्णय देणाऱ्या तीन यंत्रणा: क, ख, ग. नियंत्रण करणारा कंट्रोलर पाणी ६० अंशांवर ठेवतो. काही बिघडून पाणी ७० अंशांवर गेलं आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांनी ट्रिप (बंद करण्याचा इशारा) दिली, की हीटरचा कॉन्टॅक्टर (मोठा विद्युत स्विच) सुटला पाहिजे आणि विद्युतचुंबकांनी वर धरलेल्या दोन सळ्या खाली पडल्या पाहिजेत.

तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॅटच्या संचांमध्ये भट्टी बंद करणाऱ्या शट-ऑफ सळ्या अशाच विजेच्या जोरावर वर धरलेल्या असतात. वीज तुटली की त्या गाभ्यात उतरतात, त्यांना खाली पाठवण्यासाठी कुणाच्या आज्ञेची गरज लागत नाही. तिघांत दोघांचं मत घ्यायचं कारणही साधं आहे. एक चॅनेल विनाकारण ओरडलं तर अख्खा संच बंद पडू नये, आणि एक चॅनेल मुकं झालं तरी संरक्षण शाबूत राहावं.

पाठ्यपुस्तकात हा विषय अर्ध्या पानात संपतो, पण प्रत्यक्ष बांधताना तो संपत नाही. ही नोंदवही त्यासाठीच आहे. असं पॅनेल दुसऱ्या कुठल्या कॉलेजला करायचं असेल तर आमचा वेळ जिथे गेला तिथे त्यांचा जाऊ नये.

९ जुलै

खरेदी. पीटी-१०० तापमान सेन्सर तीन, त्यांचं मोजमाप ४ ते २० मिलीअँपिअरच्या प्रवाहात बदलणारे दोन-तारी ट्रान्समीटर तीन, मायक्रोकंट्रोलर (छोट्या संगणकाचे) बोर्ड, २४ व्होल्टचे रिले (वीज असेपर्यंत ओढलेले राहणारे आणि वीज गेली की सुटणारे स्विच), टर्मिनल, तारांच्या टोकांना लावायचे फेरूल, डिन रेल. बरंचसं तपकीर गल्लीत आणि बुधवार पेठेत मिळालं. कॉन्टॅक्टर आणि पॅनेलचा पत्र्याचा डबा रविवारी जुन्या बाजारात घेतला. सेन्सर आणि ट्रान्समीटर मिळून साधारण सहा हजार रुपये. एसएमपीएस (२४ व्होल्टचा वीजपुरवठा) मात्र जुना, वापरलेला, एकच घेतला, कारण २४ व्होल्ट आणि १० अँपिअर असं त्यावर छापलं होतं आणि आपल्याला तेवढे पुष्कळ होते.

हीटरच्या थेट मार्गात गीझरचा यांत्रिक थर्मल कट-आउट बसवला. ८५ अंशांना तो सुटतो. त्यात ना तार आहे ना कोड. मुलं हात लावणार आहेत, म्हणून वायरिंगच्या आधी हे काम. कुणीही हा प्रकल्प केला तर सुरुवात इथून करा.

१८ जुलै

टाकीला वेल्डिंग करून सेन्सरसाठी पॉकेट (सेन्सर आत घालायची बंद नळी) बसवलं. फॅब्रिकेटरने विचारलं, तीन वेगळी पॉकेटं की एक मोठं? एकाचं वेल्डिंग स्वस्त पडतं, गळतीची शक्यताही कमी, म्हणून तिन्ही सेन्सर एका पॉकेटात घातले. पहिल्या चाचणीत तिघांमधला फरक ०.२ अंशांच्या आत. मुलं खूश.

२६ जुलै

पंप बंद करून पाहिला आणि आनंद ओसरला. पाणी फिरायचं थांबलं की हीटरच्या वरचं पाणी तापत जातं, आणि पॉकेट टाकीच्या खालच्या अंगाला असल्यामुळे तिथलं पाणी जवळपास जसंच्या तसं राहतं. वर धरलेला काचेचा थर्मामीटर ७८ दाखवत होता. तिन्ही चॅनेल ५४वर, आणि तिघांचं एकमत.

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे: तीन सेन्सर एकाच जागी असले तर ते एकच मत तीनदा सांगतात.

दुरुस्ती दोन भागांत. पहिली, तीन स्वतंत्र पॉकेटं, तिन्ही हीटरच्या वर पण एकमेकांपासून लांब. दुसरी जास्त महत्त्वाची: पंपाच्या पुढे फ्लो स्विच टाकला आणि प्रवाह थांबला की तापमान काहीही असो, ट्रिप. खऱ्या संचात एकाच अपघाताला पकडणाऱ्या निरनिराळ्या राशी असतात, न्यूट्रॉन पॉवर, दाब, प्रवाह, पातळी, ते याचसाठी. एका राशीच्या नजरेतून जे सुटतं ते दुसरीच्या नजरेत येतं. पुन्हा वेल्डिंगचे १,८०० रुपये गेले आणि फॅब्रिकेटरच्या रांगेत आठवडाभर थांबावं लागलं.

५ ऑगस्ट

आजची नोंद मोठी आहे, कारण असा बिघाड मी याआधी पाहिला नव्हता.

सगळं जोडून पाणी ६० अंशांपर्यंत नेलं. कंट्रोलरचा सेन्सर वेगळा आहे, त्याची वीजही वेगळी. तो ६० दाखवत होता. क, ख आणि ग तिन्ही ५०.० दाखवत होते. पाणी ६२ झालं, ६४ झालं, तरी तिघं ५०वर खिळलेले. फॉल्टचा दिवा नाही, ट्रिप नाही, रिले ओढलेले, सळ्या वर. पॅनेल बघणाऱ्याला वाटेल, सगळं उत्तम चाललंय.

मल्टिमीटर लावल्यावर कळलं की एसएमपीएस २४ ऐवजी १३ व्होल्ट देतोय. दोन चुंबक, कॉन्टॅक्टरची कॉइल, नऊ रिले आणि दिवे हा भार त्या जुन्या एसएमपीएसला पेलत नव्हता. आता हिशोब बघा. दोन-तारी ट्रान्समीटरला स्वतःसाठी किमान १० व्होल्ट लागतात. १३मधून १० गेले, उरले ३. लूपमध्ये, म्हणजे त्या प्रवाहाच्या मार्गात, २५० ओहमचा रोधक आहे, म्हणजे जास्तीत जास्त १२ मिलीअँपिअर वाहू शकतात. ०-१०० अंशांच्या रेंजमध्ये १२ मिलीअँपिअर म्हणजे बरोबर ५० अंश. पाणी उकळलं असतं तरी यंत्रणेने ५०च्या वर आकडा दाखवला नसता. ट्रिप १५.२ मिलीअँपिअरला होते, तिथपर्यंत पोहोचायला वीजच शिल्लक नव्हती.

तार तुटली तर प्रवाह ३.६च्या खाली जातो आणि आपण ते पकडतो. ४ मिलीअँपिअरपासून सुरुवात करण्याचा हाच तर फायदा. पण इथे प्रवाह १२ होता, रेंजच्या बरोबर मध्ये, दिसायला अगदी निरोगी. मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टवर चालतो, त्याला १३ पुरेसे. आणि २४ व्होल्टचा रिले एकदा ओढला गेला की निम्म्या व्होल्टेजवरही सुटत नाही. म्हणजे कमी व्होल्टेजने मोजमाप तेवढं आंधळं केलं आणि बाकी सगळ्यांना धडधाकट ठेवलं.

केलेले बदल: प्रत्येक चॅनेलला स्वतःचा नवा एसएमपीएस, प्रत्येकी सुमारे ८०० रुपये. चुंबक आणि कॉन्टॅक्टरला चौथा, वेगळा. प्रत्येक चॅनेलमध्ये व्होल्टेजवर नजर ठेवणारं सर्किट, २० व्होल्टच्या खाली गेलं की त्या चॅनेलची ट्रिप. शेवटी तिन्ही प्लग ज्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचले होते तो काढला आणि प्रयोगशाळेच्या दोन वेगवेगळ्या फेजवरून पुरवठा घेतला. तिसऱ्यासाठी शेजारच्या खोलीतून लाइन ओढली.

स्वीडनच्या फोर्समार्क अणुप्रकल्पात २५ जुलै २००६ रोजी याचं मोठं रूप दिसलं होतं. स्विचयार्डमधल्या शॉर्टसर्किटमुळे व्होल्टेजचा धक्का आत आला आणि पहिल्या संचाच्या चार अखंड वीजपुरवठ्यांपैकी दोन बंद पडले. त्यांच्यावर अवलंबून असलेले दोन डिझेल जनरेटर जोडलेच गेले नाहीत, नियंत्रण कक्षातली काही दर्शकंही गेली. चारही पुरवठे एकाच रचनेचे होते. दोन टिकले म्हणून निभावलं.

१४ ऑगस्ट

सळ्यांचं काम. ॲक्रिलिकच्या उभ्या नळीत लोखंडी सळी, वर विद्युतचुंबक. वीज तोडली की पडायला हवी. पहिली सळी पडली, दुसरी क्षणभर लटकून मग पडली. मोबाइलवर स्लो-मोशन चित्रीकरण करून पाहिलं तर वीज तुटल्यानंतर सुटायलाच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका वेळ जात होता. ६० सेंटिमीटर मुक्त पडायला साधारण ०.३५ सेकंद लागतात, म्हणजे पडण्याइतकाच वेळ सुटण्यात.

कारणं दोन निघाली. लोखंडात उरणारं चुंबकत्व, आणि कॉइलवर उलटा बसवलेला डायोड, जो वीज तुटल्यावरही प्रवाह फिरत ठेवतो. चुंबक आणि सळीच्या मध्ये पितळेच्या पातळ पत्र्याची चकती ठेवली आणि डायोडबरोबर झेनर (तो प्रवाह लवकर विझवणारा दुसऱ्या जातीचा डायोड) घातला. आता सुटण्याचा उशीर चित्रीकरणाच्या एक-दोन फ्रेमइतकाच दिसतो. चकतीचा पत्रा जाड घेतला तर सळी धरलीच जात नाही, तेवढं जुळवून घ्यावं लागतं.

मुलांनी 'सळी खाली' हा हिरवा दिवा चुंबकाच्या पुरवठ्यावरून घेतला होता: वीज गेली, दिवा लागला. मी तो काढायला लावला. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पाच्या दुसऱ्या संचात नेमकं हेच घातक ठरलं. प्रेशरायझरवरचा (शीतकाचा दाब राखणाऱ्या टाकीवरचा) झडप उघडा अडकला होता, पण पॅनेलवरचा दिवा झडपेची स्थिती सांगत नव्हता. बंद होण्याची विद्युत आज्ञा गेली एवढंच तो सांगत होता. माणसांनी त्याचा अर्थ 'झडप बंद' असा घेतला आणि शीतक वाहत राहिलं. आता आमच्या नळीच्या तळाशी रीड स्विच आहे. सळी खरोखर तळाला पोहोचली तरच हिरवा दिवा लागतो.

२२ ऑगस्ट

मतमोजणी सॉफ्टवेअरमध्ये न करता रिलेंच्या संपर्कांनी केली आहे. तीन समांतर फांद्या: क-ख, ख-ग, ग-क. प्रत्येक फांदीत दोन संपर्क एकामागे एक. एक रिले सुटला तर एक फांदी चालू राहते, कोणतेही दोन सुटले की तिन्ही फांद्या तुटतात.

एकेक चॅनेल ट्रिप करून पाहिलं, ठीक. क आणि ख एकदम, ठीक. ख आणि ग, ठीक. क आणि ग एकदम ट्रिप केले, सळ्या वरच.

क-ख फांदीतला क चा संपर्क वितळून चिकटला होता. त्यामुळे क सुटला तरी ती फांदी ख च्या भरवशावर चालू राहत होती. एकेका चॅनेलची चाचणी हजारदा केली असती तरी हे दिसलं नसतं, कारण एक चॅनेल सुटल्यावर सळ्या वर राहणं हेच तिथे अपेक्षित असतं. जोड्यांची चाचणी घेतली म्हणून सापडलं.

संपर्क चिकटला कशाने? चुंबकाचं व्होल्टेज सपाट राहावं म्हणून त्याच्यावर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बसवला गेला होता. रिले ओढला जाताना त्या कॅपॅसिटरमध्ये प्रवाहाचा लोंढा जातो आणि संपर्काच्या टोकाला वेल्डिंगच होतं. कॅपॅसिटर काढला, रिले बदलला, आणि प्रत्येक फांदीच्या दोन संपर्कांमधल्या बिंदूवर ऑप्टोकपलर (विजेने न जोडता प्रकाशाने संकेत नेणारा भाग) लावून छोटे दिवे दिले. आता एकेक चॅनेल तपासतानाही चिकटलेला संपर्क दिसतो.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीपूर्वी सॉफ्टवेअर पुरं करायचं होतं, ते झालं नाही.

चॅनेल ख गोठलं. मोजलेल्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या एडीसी चिपशी बोलणाऱ्या दोन तारांपैकी एक सैल झाली, कोड उत्तराची वाट बघत एका लूपमध्ये अडकला. अडकताना आउटपुट पिन 'निरोगी' स्थितीत होती, ती तशीच राहिली. वॉचडॉग (कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) चालू होता, तरी त्याने रीसेट केलं नाही, कारण त्याला थोपटण्याची, म्हणजे 'मी जिवंत आहे' असं सांगण्याची, ओळ टायमर इंटरप्टमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) लिहिली होती. मुख्य कार्यक्रम मेला तरी इंटरप्ट इमानाने चालत राहतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या नमुना कोडमध्ये ही रचना सर्रास आढळते. ती जशीच्या तशी उचलू नका.

वॉचडॉगची ओळ मुख्य लूपच्या अखेरीस नेली, तीही मोजमाप, तुलना आणि स्वतःची तपासणी हे तिन्ही टप्पे पार झाल्याची खूण असेल तरच. पण त्यावर समाधान मानलं नाही. आउटपुटच बदलला. पूर्वी पिन उंच असेल तर रिले ओढलेला. आता पिनने सतत उंच-खाली, उंच-खाली करत राहायचं. तो स्पंद एका कॅपॅसिटरमधून जातो, दोन डायोड त्यातून व्होल्टेज तयार करतात आणि त्यावर रिले टिकतो. पिन उंच गोठली तरी रिले सुटतो, खाली गोठली तरी सुटतो. बोर्डाच्या आत काय बिघडलं याच्याशी मग कर्तव्य उरत नाही.

संपूर्ण पॅनेलमध्ये मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे. खर्च प्रत्येक चॅनेलला पन्नास रुपयांच्या आत. वेळ मात्र खूप गेला, कारण बदल केल्यावर जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. कोडची एक ओळ बदलली तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, हा नियम भिंतीवर लावला आहे.

१९ सप्टेंबर

तिन्ही चॅनेलच्या केबल एकाच पीव्हीसी ट्रंकिंगमधून गेल्या होत्या. पॅनेल दिसायला फार सुबक होतं. ते उपटलं. आता क डावीकडून, ख टेबलाखालून, ग छताच्या बाजूने. क ला लाल फेरूल, ख ला पिवळी, ग ला निळी, आणि एका रंगाची तार दुसऱ्या रंगाच्या डब्यात जाणार नाही.

एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, प्रयोगशाळेत एवढं कशाला?" त्याला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राबद्दल सांगितलं. ३१ मार्च १९९३. पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली, कंपनाने जनरेटरचा हायड्रोजन बाहेर आला आणि आग लागली. आगीत केबल जळाल्या. एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेल्या वीजपुरवठ्यांच्या केबलही पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे पर्यायही सोबतच गेले. संच सुमारे १७ तास पूर्ण अंधारात होता. धूर शिरल्याने नियंत्रण कक्ष सोडावा लागला. भट्टी मात्र सुरुवातीलाच बंद केली गेली होती, आणि बॉयलरांना अग्निशमनाचं पाणी डिझेलवरच्या पंपांनी देऊन गाभा थंड ठेवला. त्या रात्री काम केलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यानंतर देशातल्या संचांमध्ये केबलचे मार्ग वेगळे करण्यावर आणि आगीच्या अडथळ्यांवर बरंच काम झालं.

मग त्या विद्यार्थ्याने स्वतःच निळी केबल खिडकीच्या वरून नेली.

३० सप्टेंबर

आता वीज वेगळी, जागा वेगळी, मार्ग वेगळे. पण तिन्ही बोर्डांत कोड एकच. त्यात एक खोट असेल तर ती तिघांतही असणार, हे माहीत होतं, पण ती कशी दिसेल हे आज दिसलं.

कोडमध्ये वेळ मिलिसेकंदांत मोजणारा ३२ बिटांचा काउंटर आहे. तो ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. 'आत्ताची वेळ पुढच्या मोजमापाच्या वेळेपेक्षा जास्त झाली का' अशी तुलना केली असेल तर शून्यावर आल्यावर ती फसते. पुढचं मोजमाप होतच नाही, शेवटचा आकडा कायम राहतो. ५० दिवस वाट बघायची गरज नव्हती. काउंटरची सुरुवातच भरण्याच्या दोन मिनिटं आधीच्या आकड्यावर ठेवली आणि तिन्ही बोर्ड सुरू केले. दोन मिनिटांनी तिघंही एकाच क्षणी जुन्या तापमानावर थिजले. लूप फिरत होता, 'अजून वेळ झाली नाही' असं समजून मोजमापाचा टप्पाही पार धरत होता, म्हणून वॉचडॉग समाधानी. स्पंद चालू, म्हणून रिले ओढलेले. आधीच्या महिन्यात घातलेलं सगळं संरक्षण जागच्या जागी होतं आणि या चुकीला त्यातलं काहीच आडवं आलं नाही.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ: वेळांची तुलना न करता वजाबाकी करायची. शिवाय 'नवं मोजमाप होऊन अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ झाला तर ट्रिप' हा नियम वेगळ्या टायमरवर घातला. पण ही खोट माहीत होती म्हणून शोधता आली. न माहीत असलेलीचं काय, हा प्रश्न मुलांनी विचारला आणि त्याला माझ्याकडे कोडमधून देण्यासारखं उत्तर नव्हतं.

१० ऑक्टोबर

म्हणून चॅनेल ग मधून मायक्रोकंट्रोलर काढून टाकला.

त्याच्या जागी एक कंपॅरेटर चिप (दोन व्होल्टेजची तुलना करणारी), अचूक रोधक आणि सेटपॉइंटसाठी, म्हणजे ट्रिपचा आकडा ठरवण्यासाठी, अनेक फेऱ्यांचा ट्रिमपॉट (स्क्रूने बदलता येणारा रोधक). आकडा दाखवत नाही, ग्राफ काढत नाही. लूपचं व्होल्टेज ३.८च्या वर गेलं की रिले सोडतो, आणि तार तुटून व्होल्टेज ०.९च्या खाली आलं तरी सोडतो. ट्रिमपॉटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे कुणी फिरवला तर लगेच कळतं.

मुलं नाराज झाली. त्यांना वाटलं आपण मागे चाललोय. त्यांना दोन उदाहरणं दिली. कॅनडातल्या डार्लिंग्टन प्रकल्पात भट्टी बंद करणाऱ्या दोन्ही यंत्रणांचा निर्णय सॉफ्टवेअरवर सोपवला होता, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नियामकाने विचारलं, हे बरोबर आहे हे सिद्ध करा. कोड ओळीओळीने तक्त्यांवर उतरवून गरजांशी ताडून पाहावा लागला आणि त्यात परवाना लांबला. इंग्लंडच्या साइझवेल-बी मध्ये प्राथमिक संरक्षण संगणकीय आहे, १९९५मध्ये तो संच चालू झाला, आणि त्याच्या जोडीला दुय्यम संरक्षण यंत्रणा दिली आहे ती चुंबकीय तर्कघटकांची, सॉफ्टवेअरविना. आपल्या तारापूर ३ आणि ४मध्येही पहिली यंत्रणा कॅडमियमच्या सळ्यांची, तर दुसरी मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या) जड पाण्यात गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण दाबाने सोडणारी. तिथे तर कामाची रीतच निराळी.

माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल यंत्रणा स्वतःची तपासणी करते, नोंदी ठेवते, सेटपॉइंट सरकू देत नाही. हे फायदे मोठे आहेत आणि मी ते सोडणार नाही. पण तिन्ही जागी तीच ठेवणार नाही.

२१ ऑक्टोबर

निरीक्षणाचा संगणक जोडला. स्क्रीनवर तापमान, ट्रिपचा इतिहास, सळ्यांची स्थिती. पहिल्या रचनेत संगणक प्रत्येक चॅनेलला विचारायचा आणि ते उत्तर द्यायचं. कॉलेजच्या नेटवर्कवर काही कारणाने संदेशांचा पूर आला आणि चॅनेल क उत्तरं देण्यात इतकं गुंतलं की मोजमापाला उशीर झाला, नव्या नियमाप्रमाणे ट्रिप झाली. नियम कामी आला, पण संरक्षण करणाऱ्या चॅनेलने बाहेरच्याला उत्तर द्यायला बांधील असावंच का?

अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरीच्या तिसऱ्या संचात ऑगस्ट २००६मध्ये नेटवर्कवरच्या जादा वाहतुकीने पाण्याच्या पुनर्चक्रण पंपांचे कंट्रोलर गप्प झाले आणि ऑपरेटरांना संच हाताने बंद करावा लागला होता.

आता चॅनेलकडून संगणकाकडे फक्त एक तार जाते, ऑप्टोकपलरमधून. चॅनेल दर सेकंदाला आपली स्थिती बोलतं, कुणी ऐको न ऐको. परतीची तार जोडलेलीच नाही. सेटपॉइंट बदलायचा तर पॅनेलचं कुलूप उघडून, चॅनेल ट्रिपमध्ये टाकून, हाताने. निरीक्षणाचा संगणक कॉलेजच्या नेटवर्कवरूनही काढला. २०१९मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या संगणकात मालवेअर सापडलं, तेव्हा नियंत्रणाची यंत्रणा त्या नेटवर्कपासून तोडलेली आहे हा सर्वांत मोठा आधार होता. मुलांना मोबाइलवर ग्राफ बघायचा होता, तो हट्ट पुरवला नाही.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कॅलिब्रेशन. दुसऱ्या विभागातून ड्राय-ब्लॉक कॅलिब्रेटर (सेन्सर ताडून पाहायला ठरावीक तापमान देणारं उपकरण) आणला, एकाच विद्यार्थिनीने एकाच दुपारी तिन्ही चॅनेल त्यावर जुळवले. काम अतिशय नेटकं, तक्ता सुंदर, तिन्ही ०.१ अंशांच्या आत.

मग थर्मासमध्ये किसलेला बर्फ आणि पाणी घेऊन तिन्ही सेन्सर बुडवले. शून्य यायला हवं. क आणि ख वर उणे २, आणि ग चं व्होल्टेजही मल्टिमीटरवर तेवढंच कमी. उकळत्या पाण्यात पाहिलं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आकडा आला ९६. ड्राय-ब्लॉक दोन अंश कमी दाखवत होता. आमची ट्रिप ७०ला लागायची ती प्रत्यक्षात ७२ला लागली असती, तिन्ही चॅनेलची, ग चं धरून. वेगळी वीज, वेगळा मार्ग, वेगळं तंत्र, आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लावलेली.

विद्यार्थिनीच्या कामात काही उणं नव्हतं, पद्धत बदलायला हवी होती. नवी पद्धत अशी: क चं कॅलिब्रेशन बर्फ आणि उकळत्या पाण्यावर. ख चं ड्राय-ब्लॉकवर, तो दुरुस्त होऊन प्रमाणपत्रासह आल्यावर. ग चं तिसऱ्या थर्मामीटरशी ताडून. तिघांची माणसं वेगळी, आठवडेही वेगळे. एका हाताने एका दिवशी एकाहून जास्त चॅनेल उघडायचं नाही. काम चाललेलं चॅनेल ट्रिपमध्ये ठेवायचं, म्हणजे उरलेल्या दोघांपैकी एकानेही हाक दिली की सळ्या पडतात. बायपास केलं, म्हणजे मतमोजणीतून वगळलं, तर उरलेल्या दोघांनाही ओरडावं लागतं आणि त्यातलं एक मुकं असेल तर संरक्षण संपलं. प्रयोग अधूनमधून विनाकारण बंद पडेल, चालेल.

२५ नोव्हेंबर

क आज ट्रिपमध्ये टाकून बर्फावर पुन्हा जुळवला. पॅनेल पुढच्या सत्रासाठी प्रयोगशाळेत लावलं. सामानाचा खर्च वेल्डिंगसह ४० हजारांच्या थोडा पुढे गेला. यातला मोठा हिस्सा दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा: पॉकेटं, वीजपुरवठे, केबल. हे सगळं आधीपासून वेगवेगळं धरलं तर तीस हजारांत बसेल असा माझा अंदाज आहे.

ज्यांना करायचंय त्यांनी चाचण्यांचा क्रम असा ठेवावा. पंप बंद. प्रत्येक चॅनेलचा पुरवठा एकाच झटक्यात नव्हे तर हळूहळू २४वरून खाली आणणं, कारण झटक्यात तोडलेली वीज कुठलाही रिले पकडतो. सेन्सरची तार तोडणं आणि शॉर्ट करणं, दोन्ही. एडीसीची तार चालू असताना उपसणं. काउंटर भरण्याजवळ नेणं. तिन्ही जोड्या. शेवटी, तिन्ही चॅनेल बाजूला ठेवून एकट्या थर्मल कट-आउटने हीटर तुटतो का हे बघणं, पाण्याजवळ एक माणूस मेन स्विचवर हात ठेवून उभा असताना.

अजून उरलेलं काम: क आणि ख मधला कोड अजूनही सारखाच आहे. ख साठी दुसऱ्या जातीचा बोर्ड घेतला आहे, आणि त्याचा कोड क चा कोड न बघता फक्त गरजांच्या कागदावरून लिहायला दुसऱ्या गटाला दिला आहे. त्या कागदात 'प्रवाह थांबल्यास ट्रिप' इतकंच लिहिलंय. किती सेकंद थांबल्यास, हे त्यांनी पहिल्याच दिवशी येऊन विचारलं. क मध्ये तो आकडा २ सेकंद आहे, कागदावर कुठेच नव्हता. आज कागदावर घातला.